टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांनो, हे वाचाच

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीर्य तपासणीचं काम बघतो आणि हल्ली एकच प्रकार सारखा समोर येतोय म्हणून लिहितोय. तिशीच्या आतबाहेरचा पोरगा, कमावलेली बॉडी, लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, तोपर्यंत बायकोच्या सोनोग्राफ्या, रक्ताच्या टेस्ट, सासरचे टोमणे सगळं होऊन गेलेलं, आणि आता कुठे याचा नंबर लागलेला. सॅम्पल ३७ डिग्रीला अर्धा तास ठेवतो, पातळ झालं की थेंब स्लाइडवर घेतो आणि मायक्रोस्कोपखाली काहीच दिसत नाही, सेंट्रिफ्यूज करून तळाला बसलेलं परत बघतो तरी एकही शुक्राणू नाही. रिपोर्टवर 'निल'. मग खोदून विचारल्यावर कळतं की जिममध्ये कोणीतरी टेस्टोस्टेरॉन सुरू करून दिलंय.

पोरांना वाटतं पुरुषी हार्मोन आहे म्हणजे शुक्राणू वाढणारच. होतं नेमकं उलटं. वृषणात केसासारख्या बारीक नळ्यांची वेटोळी असतात, शुक्राणू तिथे तयार होतात आणि सर्टोली पेशी त्यांना सांभाळतात. नळ्यांच्या मधल्या जागेत लायडिग पेशी असतात, त्या टेस्टोस्टेरॉन बनवतात. दोघींना हुकूम वरून येतो, मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी दोन हार्मोन्स सोडते, एलएच सोडते ते लायडिगसाठी आणि एफएसएच सोडते ते सर्टोलीसाठी. रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलं की मेंदू हे दोन्ही कमी करतो, टाकी भरली की मोटर बंद होते तसं. तुम्ही बाहेरून इंजेक्शन मारलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, एलएच-एफएसएच जवळपास थांबतात, लायडिग पेशी काम सोडतात, वृषण आकाराने पण लहान होतात. आणि शुक्राणू बनायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कित्येक पट जास्त लागतं, ते दंडात टोचलेल्या इंजेक्शनने भरून निघत नाही हो!

हे इतकं पक्कं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन देऊन बघितलं होतं, १९९० साली ते छापून आलं, आणि निम्म्याहून जास्त जणांचे शुक्राणू काही महिन्यांत शून्यावर गेले होते.

इंजेक्शनं बंद केली की बहुतेकांचे शुक्राणू परत बनायला लागतात, घाबरू नका, पण वेळ लागतो. एक शुक्राणू तयार व्हायलाच साधारण ७४ दिवस, वर एपिडिडायमिसमधून (वृषणाला चिकटलेली वेटोळी नळी, तिथे शुक्राणू पक्के होतात) यायला आणखी काही दिवस, त्यामुळे महिनाभर बंद ठेवून परत टेस्ट केली तर निराशाच होणार. सहा महिने ते वर्ष धरून चाला, काहींना त्याहून जास्त लागतं, काहींना डॉक्टर वेगळी हार्मोन्स देतात.

आणि कृपा करून मूल होत नसेल तर पहिली टेस्ट नवऱ्याची करा, ती साधी असते, स्वस्त असते, सुई पण लागत नाही. डॉक्टरकडे गेलात की काय घेत होता, किती आठवडे, शेवटचा डोस कधी, हे बायकोसमोर बोलवत नसेल तर एकटे जाऊन सांगा, पण सांगा.