थेंब पसरला नाही

बाहेरच्या पोर्सिलेन फरशीची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते, ती म्हणजे कितीही धुतली तरी मळ निघत नाही. त्या दिवशीच्या तक्रारीला मात्र आणखी एक शेपूट होते. फोनवर बोलणाऱ्या आजोबांनी सांगितले की, ओली असताना फरशी नव्यासारखी दिसते, वाळली की पांढुरकी होते आणि जिथून येणेजाणे आहे तिथे काळी पडते. शिवाय याआधी दोन जण येऊन ती अ‍ॅसिडने घासून गेले आहेत. अ‍ॅसिड कोणते होते, ते त्यांना ठाऊक नव्हते.

जाऊन पाहिले तर घरामागे जमिनीलगतचा मोठा ओटा होता. त्यावर २० मिलिमीटर जाडीच्या, खडबडीत पोताच्या राखाडी टाइल बसवलेल्या होत्या आणि सगळ्या फरशीवर दुधाची साय धरावी तसा पांढुरका थर दिसत होता. मी वाकून हाताने पाणी शिंपडले तसा थर दिसेनासा झाला आणि दोन-तीन मिनिटांत पाणी सुकताच पुन्हा उमटला. टाइल बसवताना सांध्यांत भरलेल्या सिमेंटच्या ग्राउटचा पातळ लेप वेळीच पुसला गेला नाही, तर तो असाच दिसतो. ओलाव्यात लपतो आणि वाळल्यावर वर येतो. फरश्या साफ करण्याच्या या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर माणसाला पाहताक्षणीच निदान करण्याची खोड लागते, तशी ती मलाही लागलेली आहे. मी मदतनिसाला गाडीतून फॉस्फोरिक अ‍ॅसिडचा क्लीनर आणायला सांगितले.

आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर करून पाहायचे, एवढा नियम मात्र मी पाळला. सांध्याने अ‍ॅसिड शोषून घेऊ नये म्हणून जागा पाण्याने भिजवली, पातळ केलेला क्लीनर ब्रशने लावला आणि मदतनीस घासायला खाली बसला. अर्धे मिनिटही झाले नसेल, तोच घशात काहीतरी टोचल्यासारखे झाले आणि पाठोपाठ पोहण्याच्या तलावापाशी येतो तसा, पण त्याहून कितीतरी उग्र वास आला. मदतनीस खोकत म्हणाला, "दादा, हे काय आहे?" मी त्याला दंडाला धरून उठवले, वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूला नेऊन उभे केले आणि आजोबांना हाक मारून विचारले, "फरशीवर आज काही टाकलंत का?"

"सकाळी कोपऱ्यातल्या शेवाळावर ब्लीच ओतलं," ते म्हणाले. "म्हटलं, तुमचं तेवढंच काम कमी होईल."

त्या कोपऱ्यात ढाळ नीट काढलेला नव्हता, त्यामुळे ब्लीचचे पाणी वाहून न जाता तिथेच साचले होते आणि मी नेमकी तीच जागा निवडली होती. ब्लीचमधल्या सोडियम हायपोक्लोराइटला अ‍ॅसिड भेटले की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हा प्रकार जिवावर बेतू शकतो. आम्ही उघड्यावर होतो आणि लावलेले अ‍ॅसिडही थोडेच होते, म्हणून खोकल्यावर निभावले. वाऱ्याकडे पाठ करून मी लांबूनच पाइपने भरपूर पाणी सोडले आणि वास पूर्ण जाईपर्यंत सगळ्यांना ओट्यावरून दूर ठेवले. काम सुरू करण्यापूर्वी "याआधी काय लावलं होतं?" हे मी प्रत्येक ठिकाणी विचारतो. त्या दिवशी तो प्रश्न मी मागच्या दोन माणसांपुरताच विचारला आणि खुद्द घरमालकांना वगळले, ही चूक सर्वस्वी माझी होती.

वास जाण्याची वाट पाहत थांबावे लागले, ते एका अर्थी बरेच झाले. वास ओसरल्यावर त्या हातभर जागेकडे नीट पाहिले, तेव्हा सांध्यातले ग्राउट वरून भुरभुरीत झाले होते, पण टाइलवरचा पांढुरका थर मात्र जसाच्या तसा होता. लेप सिमेंटचा असता तर अ‍ॅसिडपुढे तोही सैल पडायला हवा होता. शिवाय दोन जणांनी दोनदा अ‍ॅसिड वापरूनही जो जात नाही, तो सिमेंटचा कसा असेल, ही शंका मला फोनवरच यायला हवी होती.

मी आजोबांना उरलेली एखादी कोरी टाइल आहे का, असे विचारले. जिन्याखालच्या कोनाड्यातून त्यांनी एक काढून दिली. तिच्यावरची धूळ पुसली, ती ओट्यावरच्या एका कोरड्या टाइलशेजारी ठेवली आणि दोन्हींवर बोटाने पाण्याचा एकेक थेंब सोडला. कोऱ्या टाइलवर थेंब हळूहळू पसरून पोताच्या खाचांत शिरला. ओट्यावरचा थेंब मात्र अळूच्या पानावर राहावा तसा गोल होऊन उभा राहिला आणि मी टाइलच्या कडेला टिचकी मारताच घरंगळला. टाइल एकाच खोक्यातल्या होत्या. म्हणजे खालच्या टाइलवर कोणीतरी काहीतरी चढवलेले होते. पांढऱ्या सुती फडक्यावर थोडे अ‍ॅसिटोन घेऊन मी ते टाइलवर मिनिटभर दाबून धरले आणि घासले. फडके चिकट झाले, त्यावर राखाडी-काळा डाग उतरला आणि खाली कोऱ्या टाइलचा रंग दिसू लागला.

"सीलर लावला होता का?" मी विचारले. पाणी आणि डाग आत मुरू नयेत म्हणून फरशीवर लावतात ते द्रव्य म्हणजे सीलर.

"हो, दोन हात," आजोबा अभिमानाने म्हणाले. "फरशी टिकावी म्हणून मी स्वतः लावला."

पोर्सिलेन टाइल सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजलेली असते आणि तिची मातीच इतकी घट्ट होते की, तिने स्वतःच्या वजनाच्या ०.५ टक्क्याहून जास्त पाणी शोषायचे नाही, ही तिची व्याख्याच आहे. भिंतीवरच्या साध्या सिरॅमिक टाइलमध्ये हेच प्रमाण १० टक्क्यांच्या वर जाते. सीलरला आत शिरायला छिद्रेच नसली की तो वरच्या वर पापुद्रा होऊन बसतो. उन्हात तो मऊ पडतो आणि चपलांची धूळ धरून ठेवतो, म्हणून वाटेवर काळेपणा. घासल्याने त्यावर बारीक ओरखडे उठतात, म्हणून वाळल्यावर पांढुरकेपणा, आणि पाण्याने ओरखडे भरले की तो दिसत नाही. अ‍ॅसिडने या प्लास्टिकसारख्या पापुद्र्याला काहीच केले नव्हते. जे काही खाल्ले होते ते सांध्यांतले सिमेंट, कारण तिथेच त्याला खायला मिळत होते. नळाजवळच्या सांध्यात माझ्या करंगळीचे नख सहज आत जात होते.

उरलेले काम कष्टाचे होते, पण त्यात कोडे असे काही राहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढण्याआधी सीलर काढण्याचे द्रावण घेऊन आम्ही एका वेळी चार-पाच टाइल एवढाच तुकडा धरला. द्रावण वीस मिनिटे मुरू द्यायचे, मध्ये वाळू लागले तर पुन्हा लावायचे, नायलॉनच्या ताठ ब्रशने दोन दिशांनी घासायचे आणि सुटलेला लगदा वाळण्याआधी ओल्या व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. लगदा नुसता पाण्याने ढकलला तर तो शेजारच्या टाइलच्या खाचांत जाऊन बसतो आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. तारेचा ब्रश मी वापरू दिला नाही. तारेचे कण खाचांत अडकून गंजतात आणि मग गंजाच्या डागांचे नवे काम उभे राहते. शेवटी प्रेशर वॉशर फिरवला, तोही पंख्यासारखी रुंद धार पाडणारे नोझल लावून आणि फूटभर अंतर ठेवून, कारण अ‍ॅसिडने अर्धमेले झालेले सांधे टोकदार धारेने पुरतेच उखडले असते. पोकळ सांधे खरवडून नव्याने भरायला आणखी एक दिवस गेला. या वेळी ग्राउटचा लेप ओला असतानाच, स्वच्छ पाणी बदलत बदलत, दोनदा पुसून घेतला. ढाळाची चूक दुरुस्त करायची तर फरशी काढावी लागली असती. त्या कोपऱ्यातले पाणी रोज वायपरने ओढण्यावर आजोबा राजी झाले.

"मग आता यावर लावायचं काय?" त्यांनी विचारले. मी म्हटले, काही नाही. रोज झाडायचे, कारण शेवाळ धरते ते साचलेल्या माती-पाल्यावर. अधूनमधून थोडासा सौम्य क्लीनर पाण्यात घालून ब्रशने घासायचे आणि साध्या पाण्याने दोनदा धुवायचे. साबण जास्त झाला तर त्याचाही थर बसतो आणि मळ धरतो. तेलाचा डाग पडला तर त्याच दिवशी काढायचा. ब्लीचची गरज पडलीच तर ते एकटेच वापरायचे आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकायचे.

हिशेब झाल्यावर त्यांनी कपाटातून सीलरचा अर्धा उरलेला डबा आणून माझ्या हातात दिला. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिले होते की, हे द्रव्य नैसर्गिक दगड आणि पाणी शोषणाऱ्या पृष्ठभागांसाठी आहे. ओट्यावरून बागेत उतरायला वाळूच्या दगडाच्या तीन पायऱ्या होत्या. मी त्यांतल्या एकीवर पाण्याचा थेंब टाकला. बघता बघता तो आत जिरला आणि मागे काळसर ठसा उरला. आजोबांनी डबा माझ्या हातातून परत घेतला.