बेताच्या खर्चात ऑफिससाठी दमदार स्पीकर

ऑफिससाठी स्पीकर घ्यायचे ठरले की सगळ्यात आधी «किती वॅटचे घ्यायचे?» असे विचारले जाते, आणि माझ्या मते पैसे चुकीच्या जागी जाण्याची सुरुवात या प्रश्नापासूनच होते. इंदूरला आमचे हिशेबाचे आणि करसल्ल्याचे छोटे ऑफिस आहे. त्यातल्या बारा बाय सोळा फुटांच्या खोलीत आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, करणारी मुले-मुली जीएसटीवरची आणि आयकरावरची ऑनलाइन व्याख्याने एकत्र बसून ऐकतात, आणि अधूनमधून बाहेरगावच्या अशिलांशी व्हिडिओ कॉलवर बोलणेही तिथेच होते. मॉनिटरमधल्या स्पीकरचा आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत नीट पोचत नसल्यामुळे नवे स्पीकर आणण्याचे काम माझ्याकडे आले. खर्चाची मर्यादा सहा हजार रुपये होती.

पेटीवर ठळक अक्षरांत छापलेला पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा, आकडा सरळ सोडून द्यावा. तो मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नसल्यामुळे तळहातावर मावणाऱ्या स्पीकरच्या पेटीवरही हजार-दोन हजार वॅट छापता येतात. पाहण्यासारखा आकडा आरएमएसचा असतो, कारण स्पीकर किती शक्तीने सलग वाजू शकेल याचा अंदाज त्यावरून येतो. काही कंपन्या कमाल शक्ती आणि आरएमएस असे दोन आकडे देतात; उदाहरणार्थ, लॉजिटेकच्या झेड ३३३ या संचाची कमाल शक्ती ८० वॅट आणि आरएमएस शक्ती ४० वॅट अशी नोंदलेली आहे. दुकानदार साहजिकच पहिला आकडा सांगतात, दुसरा आपण विचारून घ्यावा लागतो.

याच संदर्भात यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरचा विचार करावा. संगणकाचे साधे यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलीअँपियर, म्हणजे अडीच वॅट वीज देते, आणि जेवढी वीज आत जाते त्याहून अधिक शक्तीचा आवाज सतत बाहेर येणे शक्य नाही. एका टेबलावर एका माणसाने ऐकण्यासाठी असे स्पीकर उत्तम असतात, किंबहुना त्यासाठी मी तेच सुचवीन. पण खोलीभर माणसे बसणार असतील तर भिंतीतल्या सॉकेटवर चालणारेच स्पीकर घ्यावेत.

मग खोलीला नेमके किती वॅट पुरतात? हे गणित कागदावर मांडून पाहिले तेव्हा मला खरोखर आश्चर्य वाटले. स्पीकरला १ वॅट शक्ती दिली असता १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, याला त्याची संवेदनशीलता म्हणतात. ती ८५ डेसिबल धरली आणि अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात हा मोकळ्या जागेचा नियम लावला, तर २ मीटरवर ७९ आणि ४ मीटरवर, म्हणजे साधारण तेरा फुटांवरच्या आमच्या शेवटच्या खुर्चीपाशी, ७३ डेसिबल उरतात. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे ही घट याहून कमीच होते. समोरासमोरचे साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते, हे लक्षात घेतले तर एका वॅटमध्येच आपले बरेचसे काम भागलेले असते. मात्र बोलण्यातला एखादा शब्द जोरात येतो, गाण्यातला तबला अचानक उसळतो, आणि तेवढ्या क्षणापुरती सरासरीहून १० डेसिबल किंवा त्याहूनही जास्त वाढ लागते. १० डेसिबल वाढवायला शक्ती दहापट लागते. म्हणून प्रत्येक बाजूला दहा-बारा वॅट आरएमएस असले म्हणजे अशा खोलीला व्यवस्थित पुरतात. यापुढे वीस वॅटचे चाळीस केले तरी फरक फक्त ३ डेसिबलचा पडतो, आणि तो कानाला जेमतेम जाणवतो. त्या वीस जादा वॅटसाठी मोजायचे पैसे मोठ्या व्यासाच्या वूफरवर, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या भागावर, आणि जड, लाकडी खोक्यावर घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

बाजारात या किमतीला बहुतेक ठिकाणी २.१ संच पुढे केला जातो, म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि टेबलाखाली ठेवायचा सबवूफर. ऑफिससाठी मी त्याच्या विरोधात आहे. आपण ऐकणार आहोत ते प्रामुख्याने माणसाचे बोलणे, आणि बोलण्याची स्पष्टता साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ठरते; टेलिफोनवर तर पूर्वीपासून ३०० ते ३४०० हर्ट्झमध्येच सगळा व्यवहार चालत आला. सबवूफर जिथे काम करतो तो खर्जाचा भाग बोलण्यात फारसा नसतोच, आणि तोच भाग प्लायवूडच्या पार्टिशनमधून सहज आरपार जाऊन शेजारच्या खोलीत काम करणाऱ्यांना दिवसभर धप-धप ऐकवतो. त्याऐवजी २.० जोडी, म्हणजे सबवूफर नसलेले नुसते दोन स्पीकर, घ्यावी, प्रत्येक खोक्यात एक तीन-चार इंची वूफर आणि वर उंच स्वरांसाठी वेगळा ट्वीटर असलेली. «गणपतीत आरतीला मोठा आवाज लागेल, तेव्हा सबवूफर बरा,» असा मुद्दा आमच्याकडेही निघाला. पण वर्षातून दहा दिवसांच्या गरजेसाठी लागेल तो साउंड भाड्याने आणावा, वर्षभराची निवड त्यावरून करू नये.

आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये आणि जेल रोडच्या बाजारात फिरताना एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली. «मैडम, इसका बेस तो सुनिए,» असे म्हणून दुकानदार मोबाइलवरचे एखादे धडाक्याचे गाणे लावतो, आणि त्या गाण्यात कोणताही स्पीकर पाच मिनिटे दमदार वाटतो. त्यामुळे मी स्वतःच्या मोबाइलमध्ये दोन रेकॉर्डिंग नेली होती आणि तीच प्रत्येक जोडीवर, एकाच आवाजात, लावायला सांगत होते. पहिले आमच्या एका सहकारी मुलीने वाचलेले आकड्यांचे पान होते: सात, साठ, आठ, एकोणसाठ, एकोणसत्तर, आणि इंग्रजीतले फिफ्टीन, फिफ्टी, सिक्स्टीन, सिक्स्टी. आमच्या कामात एक आकडा चुकीचा ऐकू आला तर विवरणपत्रच चुकते, म्हणून ही कसोटी मला गाण्यापेक्षा महत्त्वाची वाटते. जोडीकडे पाठ करून, दहा-बारा फुटांवर उभे राहून ऐकले की काही स्पीकरमध्ये «सात» आणि «साठ» एकसारखेच ऐकू येतात. काहींत «स» इतका शिटीसारखा टोचतो की तासाभराचे व्याख्यान ऐकून डोके दुखेल. दुसरे रेकॉर्डिंग इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँ यांच्या विलंबित ख्यालाचे होते. इंदूरच्या माणसाला त्यासाठी वेगळे कारण लागत नाही, पण इथे कारण होते: त्यांचा मंद्र सप्तकातला स्वर आणि मागचा तानपुऱ्याचा खर्ज चार इंची वूफरमधून भरीव येतो की नुसता घुमतो, हे दोन मिनिटांत कळते. आवाजाचे बटण पाऊण पातळीपर्यंत नेऊन खोके टेबलावर थरथरते का, हेही मी हात ठेवून पाहिले. एक-दोन दुकानदारांना माझा हा सगळा खटाटोप सुरुवातीला विचित्र वाटला असावा, पण आकड्यांचे पान ऐकताना तेही शेजारी उभे राहून फरक सांगू लागले.

शेवटी घेतलेली जोडी दोन्ही मिळून २४ वॅट आरएमएसची आहे आणि ती पाच हजारांच्या थोडी आत पडली. जीएसटीचे पक्के बिल आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घेतला, कारण पुढे वॉरंटीचा प्रश्न आला तर तेवढाच कागद कामाला येतो.

जोडणी मी साध्या ऑक्स केबलनेच केली. ब्लूटूथची सोय होती, पण त्यात आवाज किंचित मागे पडतो आणि व्याख्यात्याचे ओठ व शब्द जुळत नाहीत. शिवाय कोणाचाही मोबाइल मध्येच जोडला जातो. सुरुवातीला स्पीकरमधून सतत बारीक घरघर येत होती. संगणक एका सॉकेटवर आणि स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर असला की दोन्हींच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे ५० हर्ट्झची ही घरघर केबलमधून आत शिरते. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणल्याबरोबर ती थांबली.

जागेचा विचार मात्र सावकाश करावा. स्पीकर कोपऱ्यात सरकवले की खर्ज फुगतो आणि बोलणे त्यात बुडते, म्हणून भिंतीपासून वीतभर तरी पुढे आणि ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येईल असे ते ठेवले. टेबल बुटके होते, तेव्हा खाली जुन्या फाइलींचे बॉक्स लावले. आमच्या खोलीत एका बाजूला पूर्ण काच आणि खाली टाइल्स असल्यामुळे प्रत्येक शब्दाला शेपूट लागत होते, आणि आवाज वाढवला की ते शेपूटही वाढत होते. उरलेल्या हजार रुपयांतून एम.टी. क्लॉथ मार्केटमधून जाड कापड घेऊन त्या काचेवर पडदा शिवून लावला. आता मागच्या खुर्चीवरच्या मुलींना बटण पूर्वीपेक्षा कमी फिरवूनही आकडे स्वच्छ ऐकू येतात.

व्हिडिओ कॉलच्या वेळी स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून पलीकडच्या माणसाला स्वतःचेच बोलणे पुन्हा ऐकू येते. त्यासाठी माइक स्पीकरच्या पुढे न ठेवता मागच्या बाजूला, बोलणाऱ्याच्या जवळ ठेवावा आणि कॉलपुरता आवाज उतरवावा. रोज बरेच कॉल असतील तर प्रतिध्वनी रोखणारा वेगळा स्पीकरफोनच घ्यावा लागतो, आणि त्याचे बजेट या सहा हजारांत धरू नये.