मॉडेलचं ऊन, जमिनीवरचं ऊन

एका ठिकाणच्या सौर प्रारणाची वीस वर्षांची मालिका हवी होती आणि जमिनीवरची मोजणी होती चौदा महिन्यांची. बाकीची वर्षं ईआरए-५ मधून, म्हणजे युरोपीय हवामान केंद्राने जुन्या निरीक्षणांवरून मॉडेल चालवून तयार केलेल्या जगभरच्या तासागणिक आकड्यांमधून घ्यायची आणि मोजणीच्या आधारे सुधारायची, असं ठरलं. पण पहिले दोन महिने मॉडेलला हातच लागला नाही. मोजणी तपासण्यातच गेले.

उपकरणं तीन होती. एकूण प्रारणासाठी पायरॅनोमीटर, विखुरलेल्या प्रकाशासाठी सावलीत धरलेला दुसरा पायरॅनोमीटर, आणि थेट किरणांसाठी सूर्यामागे फिरणारा पायरहेलिओमीटर. तिघांचा हिशोब जुळावा लागतो: थेट प्रारणाला सूर्याच्या शिरोबिंदूपासूनच्या (डोक्यावरच्या बिंदूपासूनच्या) कोनाच्या कोसाइनने गुणून त्यात विखुरलेलं मिळवलं की एकूण आलं पाहिजे. सूर्य चांगला वर असताना ८ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात. माझ्याकडे सलग नऊ दिवस तो त्याबाहेर होता. देखभालीची वही उघडली, तर पायरहेलिओमीटरची काच पुसल्याची नोंद थेट दहाव्या दिवशीची. पुसल्याच्या मिनिटाला आलेखाने सरळ वर उडी घेतलेली स्पष्ट दिसत होती. ते नऊही दिवस गाळले. जिवावर आलं, कारण आकाश निरभ्र होतं आणि असेच दिवस दुरुस्तीला सगळ्यात उपयोगी पडतात.

रात्री पायरॅनोमीटर उणे दोन-तीन वॅट दाखवत होता. ते बिघाडाचं लक्षण नव्हे. काचेचा घुमट आकाशाकडे उष्णता सोडून थंड होतो, त्याचा तो परिणाम.

मग वेळेचा घोळ. ईआरए-५ मधला आकडा ज्यूलमध्ये असतो, त्याला ३६०० ने भागलं की तासाची सरासरी वॅटमध्ये मिळते. पण ती त्या वेळेला *संपणाऱ्या* तासाची असते, आणि आमचा डेटा लॉगर (मोजणी साठवणारं यंत्र) तासाच्या सुरुवातीची वेळ लिहीत होता. दिवसाची बेरीज जवळपास सारखीच येत असल्याने हे आकडेवारीत दिसेना. एका निरभ्र दिवसाचे दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तेव्हा कळलं: सकाळभर मॉडेल कमी, दुपारनंतर जास्त. कुठलीही दुरुस्ती करण्याआधी हा एक आलेख काढाच, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

दुरुस्ती करताना आधी एकच गुणक लावून पाहिला. सरासरी चूक शून्यावर आली, पण ढगाळ दिवस पूर्वीपेक्षा बिघडले. मॉडेल निरभ्र दिवशी कमी आणि ढगाळ दिवशी जास्त ऊन देत होतं. दोन उलट चुकांना एक गुणक कसा पुरेल? म्हणून आकाशाच्या स्वच्छतेनुसार आणि सूर्याच्या उंचीनुसार गट पाडून प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी केली. प्रत्येक ऋतूतला एकेक महिना बाजूला ठेवला होता, त्यावर तपासलं. तिथेही चूक घटली, तेव्हा कुठे जुन्या वर्षांना हात घातला.

तुटक ढगांचे दिवस मात्र सुधारले नाहीत. ढगाच्या कडेवरून प्रकाश परतला की जमिनीवरचं माप काही मिनिटं निरभ्र आकाशापेक्षाही वर जातं, आणि मॉडेल ज्या चौकटीला एकच आकडा देतं ती सुमारे ३१ किलोमीटरची. त्या दिवसांचे तासांचे आकडे मी अहवालात दिले नाहीत, फक्त महिन्याची बेरीज दिली.