स्टिअरिंग जाम झालं, ते माझ्याच ग्रीसमुळे

आमची बोट छोटीच, फायबरची, मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन. १ जूनला मासेमारी बंदी लागायच्या आत ती कर्लीच्या खाडीतून वर काढतो आणि माडाखाली ताडपत्री घालून ठेवतो. यंदा म्हटलं जरा नीट सर्व्हिसिंग करूया, म्हणून ग्रीसगन आणली आणि केबलचा दांडा जिच्यात सरकतो त्या स्टिअरिंगच्या नळीवरच्या निपलमधून, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडातून, ग्रीस बाहेर यायला लागेपर्यंत ठासलं. लय खूश होतो स्वतःवर.

नारळी पौर्णिमा झाली, ताडपत्री काढली, चाक फिरवायला गेलो तर हलेचना! दोघांनी जोर लावला तरी ढिम्म. मी लगेच नवीन केबलचा भाव विचारून मोकळा. शेजारचे काका आले, त्यांनी आधी मशीनला जोडलेला आडवा दांडा सोडवला आणि मशीन हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवून बघितलं, तर ते लोण्यासारखं फिरतंय. म्हणजे मशीनचा सांधा ठीक, घोळ नळीत किंवा केबलमध्ये.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ग्रीस मारलंस तेव्हा दांडो भायर होतो?"

होता ना. तिथेच सगळी माती झाली. केबलच्या टोकाचा स्टीलचा दांडा बाहेर असताना ग्रीस मारलं की रिकामी नळी ग्रीसने गच्च भरते, मग दांड्याला आत यायला जागाच उरत नाही, वर अडीच महिने पडून ते घट्ट झालेलं. दांडा पूर्ण आत घेऊन मग मारायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

मोठा नट सोडला, दांड्यावर लाकडाचा ठोकळा धरून हळूहळू ठोकत मागे सरकवला. आतून निघालं ते अगदी मेणासारखं, पिवळं-काळं. काठीला फडकं गुंडाळून डिझेलने नळी साफ केली, दांडा पुसून मरीन ग्रीसचा पातळ हात दिला. आडवा दांडा मशीनला परत जोडताना लॉकनट मात्र नवीन टाकला, तिथे कंजूषी नको, कारण धावत्या बोटीत तो जोड सुटला तर मशीन गर्रकन फिरतं आणि आपण पाण्यात.

पुढे मशीनचा वेगळा ताप. चोक ओढला तरच चालू राहायचं, चोक सोडला की बंद. कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल राहिलेलं, त्याचा चिकटा जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, बसला होता, स्प्रे मारून फुंकला. मशीन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या इम्पेलरची पाती एका बाजूला वाकून तशीच बसलेली, तोही बदलला. ड्रममध्ये गोडं पाणी भरून चालवलं तेव्हा मागून पाण्याची जाड धार आली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

गिअर ऑइल अजून काढलेलं नाही. पंख्याच्या शाफ्टला तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेली दिसतेय, त्यामुळे जरा धाकधूक आहे. ऑइल दुधासारखं पांढरं निघालं तर आत पाणी शिरलंय, म्हणजे शाफ्टचं सील गेलंच समजा.