पोट भरत होतं, अंगी लागत नव्हतं

१२ जानेवारीला, युवा दिनाच्या रक्तदान शिबिरात, माझ्या बोटातला रक्ताचा थेंब निळ्या पाण्यावर तरंगला.

ते निळं पाणी म्हणजे मोरचुदाचं द्रावण. मी केमिस्ट्रीची विद्यार्थिनी, कॉपर सल्फेट काही नवीन नाही. पण त्याचा हा उपयोग मला त्या दिवशी कळला. द्रावणाचं विशिष्ट गुरुत्व १.०५३ ठेवतात. दर १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा जास्त असेल, तर थेंब जड असतो आणि सरळ तळाला जातो. कमी असेल, तर वरच घुटमळतो. पुढच्या मुलाचा थेंब दगडासारखा खाली गेला. माझा वर थांबला. मी ताईंना म्हटलं, "अजून एकदा बघा ना." त्यांनी दुसऱ्या बोटाला टोचलं. दुसरा थेंबही तरंगला.

"बाळा, तुझंच रक्त कमी आहे, तू काय देणार? आधी दवाखान्यात जा," त्या म्हणाल्या. प्रेमानेच म्हणाल्या, पण मला रडू आलं. आम्ही ११ मुली एकत्र गेलो होतो. रक्त देऊन, बिस्किटाचा पुडा घेऊन बाहेर आल्या चौघी.

दोन दिवसांनी लॅबमध्ये तपासलं तेव्हा आकडा आला ९.६. आमच्या वयाच्या मुलीला १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात, आणि ११ च्या खाली गेलं की तो किरकोळ राहत नाही. मला तर वाटायचं आपण धडधाकट आहोत. वजन ५१ किलो, ताप नाही, खोकला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबपर्यंत जाताना मध्ये थांबावं लागायचं, केस मूठ-मूठ जायचे, दुपारच्या तासाला डोळे मिटायचे. हे सगळं मी अभ्यासाच्या ताणावर ढकललं होतं.

डॉक्टर मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. "काल सकाळपासून काय काय पोटात गेलं ते लिही. चहासकट."

मी लिहिलं. सकाळी ७ ला चहा आणि दोन टोस्ट. १० ला कॅन्टीनचा चहा. दीड वाजता मेस: चार पोळ्या, बटाट्याची भाजी, पातळ वरण, भात. जेवल्या जेवल्या मैत्रिणींबरोबर चहा. ५ ला भेळभत्ता, चहा. रात्री ९ ला पुन्हा पोळ्या आणि शेवभाजी. रात्री १२ ला अभ्यास करताना नूडल्सचं पाकीट. पाच-सहा ओळींच्या त्या कागदावर चहा चार वेळा होता. हिरवी पालेभाजी, फळ, मोड आलेलं काही, लिंबू, दूध, दही यातलं काहीच नव्हतं. मॅडम काही बोलल्या नाहीत, कागद माझ्याकडे वळवला फक्त.

मी उपाशी कधीच नव्हते. आमच्याकडे म्हण आहे ना, खाल्लेलं अंगी लागलं पाहिजे. माझं पोट दोन वेळा गच्च भरत होतं, पण अंगी काहीच लागत नव्हतं.

मेसच्या मावशींना मी बोल लावणार नाही. महिन्याच्या २,८०० रुपयांत दोन वेळचं जेवण त्या कसं बसवतात, त्यांनाच ठाऊक. बटाटा स्वस्त आहे, टिकतो, सगळ्या मुली खातात. त्यांनी एकदा पोकळ्याची भाजी केली होती, तर निम्म्या मुलींनी ताटात तशीच टाकली. मीही टाकली होती. गावाला हीच भाजी मी दोन भाकरींशी खायचे.

गाव म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात. केळी, कापूस आणि रब्बीला दादर. दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी, तिची भाकरी पांढरीशुभ्र आणि गोड. हिवाळ्यात माय कळण्याची भाकरी करते: ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून आणायचे, मीठ घालून मळायचं, चुलीवर भाजायची. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, तिळाची चटणी, कांदा आणि लिंबाची फोड. बारावीपर्यंत मी हेच खात होते आणि याला "गरिबाचं जेवण" समजत होते. आता पुस्तकात वाचते की प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांतलं लायसिन ज्वारीत कमी, उडदात ते भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. आजीने अमिनो आम्लाचं नाव ऐकलं नव्हतं, पण दळणात चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद हे माप ती डोळे मिटून घ्यायची. आणि ताटातली ती लिंबाची फोड केवळ चवीला नव्हती, हे मला फेब्रुवारीत, प्रॅक्टिकलला कळलं.

त्या दिवशी चहापत्तीतून कॅफीन वेगळं काढायचं प्रॅक्टिकल होतं. चहापत्ती उकळली, की कॅफीनबरोबर चहाला तुरटपणा देणारं टॅनिनही पाण्यात उतरतं, आणि ते बाजूला सारायला वेगळी खटपट करावी लागते. उरलेल्या काढ्याचे काही थेंब मी परीक्षानळीत घेतले आणि त्यात फेरिक क्लोराइड टाकलं. फेरिक क्लोराइड म्हणजे लोखंडाचाच क्षार. क्षणात नळीतलं सगळं काळं-निळं झालं, शाईसारखं. ही टॅनिनची साधी ओळख-परीक्षा, आम्ही ती कितीदा केली असेल. पण त्या दिवशी मी नळी हातात धरून उभीच राहिले. टॅनिनने लोह असं पकडून ठेवलं होतं. दीड वाजता जेवून लगेच जो चहा मी पीत होते, तो माझ्या पोटात वरणातल्या, पोळीतल्या लोहाची हीच गत करत होता.

धान्य-भाज्यांतलं लोह मुळातच अंगात कमी शोषलं जातं. फेरिक रूपातलं लोह फेरस या दुसऱ्या रूपात आलं, तर आतड्याला ते घेता येतं, आणि हे काम क जीवनसत्त्व करतं. म्हणून लिंबू, आवळा, पेरू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाआधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळा असं सांगितलंय. आमच्या वयाच्या मुलींना त्यांनी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय, मुलांना १९. पाळीत दर महिन्याला जे जातं, ते भरून काढायला हा फरक. आणि मेसमध्ये मुलांना सहा पोळ्या, मुलींना चार, कारण "मुली कमी खातात".

रिपोर्ट कळल्यावर घरच्यांनी बीट आणि डाळिंबाची पिशवी पाठवली होती. लाल, म्हणून रक्त वाढतं असं सगळ्यांना वाटतं. चांगली फळं आहेत, खावीत, पण त्यांत लोह अगदी थोडं असतं. केळ्यातही तसंच, आणि हे मी केळीच्या जिल्ह्यात राहून लिहितेय. लोहासाठी बाजरी, हरभरा, मटकी, तीळ, अळीव, हिरव्या पालेभाज्या. आमच्याकडे हरभऱ्याची कोवळी भाजी वाळवून वर्षभर ठेवतात. ती चिमूटभर नाही, मूठभर घालायची.

रूमवरची एक गोष्ट लिहू की नको, विचार करत होते. पण लिहिते, कारण हे वाचणाऱ्या कुणातरी मुलीला उपयोग होईल. माझी एक रूममेट पाटीवरची पेन्सिल खायची. रोज. तिच्या उशाखाली पेन्सिलींचं खोकं असायचं. शेजारच्या खोलीतली एक जण कच्चे तांदूळ खायची. आम्ही तिला चिडवायचो. आता मला त्याची लाज वाटते. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असं खावंसं वाटणं हे पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असतं. रूममेटला घेऊन गेले. तिचं निघालं ८.७. तिला पाळीचे पहिले तीन दिवस उठवत नसे आणि तरी ती सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी धरायची. देवावरच्या तिच्या श्रद्धेला माझा हात जोडून नमस्कार, पण उपासाला दिवसभर चहा आणि एक बशी साबुदाणा, हे तिच्या शरीराला परवडणारं नव्हतं. मॅडमनी तिला सांगितलं, उपास धर, पण राजगिरा, शेंगदाणे, दही, फळं खाऊन धर.

आणि पाण्याचं. जळगावच्या एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, डांबर मऊ होतं, आणि आम्ही मुली सकाळी ८ पासून दुपारी २ पर्यंत पाणी पीत नाही. तहान नसते म्हणून नाही. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसतं, कडी नसते, म्हणून. घोटभर पिऊन तोंड ओलं करायचं आणि वेळ काढायची. गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या तिघींना लघवीचा संसर्ग झाला. आम्ही अर्ज दिला, सह्या गोळा केल्या. आता एक नळ सुरू झालाय. बाकीचं मागणं आम्ही सोडलेलं नाही.

झोपेचं काय सांगू, रात्री एकपर्यंत मोबाईल, हे सगळ्यांचंच आहे. उशिरा झोपलं की उशिरा उठणं, उशिरा उठलं की चहा-टोस्टवर पळणं. ते एक बदललं तशी सकाळी भूक लागायला लागली.

गोळ्या सुरू केल्या, तेव्हा पहिल्या आठवड्यात मळमळलं, शौचाला काळं झालं. मी घाबरून आठ दिवस गोळ्या बंद केल्या, ती माझी चूक. मॅडम म्हणाल्या, काळं होणं अपेक्षितच आहे, मळमळत असेल तर जेवणानंतर घे, पण चहा-दुधाबरोबर नको, आणि आकडा वर आला तरी मी सांगेपर्यंत थांबवू नको. तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. तेव्हा चार दिवसांत फरक कसा दिसेल?

मायला फोनवर सांगितलं, तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "पोरना आंगमा रगतच नही ऱ्हायनं. तू काय खास वं तठे?" (पोरीच्या अंगात रक्तच राहिलं नाही. तू काय खातेस गं तिथे?) दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने डबा आला. तालुक्याकडच्या आमच्या सगळ्या मुलांना हे माहीत आहे: गावात डबा कंडक्टरकाकांच्या हातात द्यायचा, विदगावचा तापीचा पूल ओलांडून गाडी जळगावच्या नव्या स्टँडवर लागली, की आपण जाऊन घ्यायचा. कळण्याच्या सहा भाकरी, मेथीची घट्ट भाजी, तिळाची चटणी, पाच लिंबं. आठवड्यातून दोनदा हा डबा येऊ लागला. तिघी मिळून खायचो. मेसमध्येही मावशींशी बोललो: आम्ही लिंबं आणून देतो, तुम्ही आठवड्यातून दोनदा मटकी नाहीतर हरभरे भिजत घाला. त्या लगेच तयार झाल्या. इतकी वर्षं कुणी काही मागितलंच नव्हतं, म्हणाल्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी गेले तेव्हा माझं ११.२ झालं होतं. झोके, गौराईची गाणी, आमरस, सगळं मनासारखं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसून मायकडे बघत होते. सगळ्यांना वाढून झाल्यावर, आप्पा शेतात गेल्यावर, ती चुलीपाशी बसली. कपात चहा ओतला आणि रात्रीची शिळी भाकर त्यात बुडवून खाऊ लागली. हे मी लहानपणापासून बघतेय. चहा-भाकर. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं. भाजी बहुतेक संपलेलीच.

मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जशी मॅडमनी माझी पाहिली होती. आत पांढरं होतं.

नको-नको म्हणत असताना तिला चोपड्याला नेलं. ८.९. माझ्यापेक्षा कमी. मला डबे पाठवणाऱ्या बाईचं माझ्यापेक्षा कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांतल्या ५७ जणींना ॲनिमिया निघाला होता. हा आकडा मी सेमिनारच्या स्लाइडवर टाकला होता. चोपड्याच्या लॅबबाहेरच्या बाकड्यावर बसून तो मला पहिल्यांदा वाचता आला. माय म्हणत होती, "माले काय होस? मी तं रोज काम करस."

तेव्हापासून फोन दोन्हीकडून होतो. ती विचारते, काय खाल्लं. मी विचारते, जेवल्यावर लगेच चहा घेतला का, आणि भाजी स्वतःला आधी वाढून घेतली का. दुसऱ्या प्रश्नाला ती अजून नीट उत्तर देत नाही.

आता श्रावण सुरू आहे. माझं १२.२ आहे, म्हणजे थेंब बुडायला ०.३ कमी. रूममेट १०.९ वर आलीय, उशाखालचं खोकं तिने स्वतःच टाकून दिलं. काल सकाळी डबा आला, अंबाडीची भाजी आणि भाकरी. आमच्याकडे डबा रिकामा परत पाठवत नाहीत. धुऊन, पुसून मी त्यात मायच्या महिन्याभराच्या गोळ्या ठेवल्या, वर चार पेरू ठेवले आणि दुपारच्या चोपडा गाडीला कंडक्टरकाकांच्या हातात दिला.