नोल्डेच्या बंदर-एचिंगचा अभ्यास: स्टेट 2

जर्मन चित्रकार एमिल नोल्डेने 1910 साली हॅम्बुर्ग बंदरावर जी एचिंग (धातूची प्लेट रसायनाने खाऊ देऊन काढलेली छापचित्रे) केली, त्यांत बोटी आणि धूर रेषेपेक्षा काळ्या-करड्या डागांतून उभे राहतात. या प्लेटवर तेच साधायचे आहे. तांबे 1 मिमी, 15 × 20 सेंमी, कडा 45 अंशांत घासलेल्या.

पहिल्या स्टेटमध्ये (प्लेटच्या कामाच्या पहिल्या टप्प्यात) धुराचा पट्टा उघडा ठेवून 40 बॉमेच्या (द्रावणाच्या घनतेचे माप) फेरिक क्लोराइडमध्ये खाऊ दिला. प्रूफवर (चाचणी छापावर) तो कडेला काळा, मध्ये फिका आला. सलग खाल्लेला भाग बशीसारखा खोलगट होतो. पुसताना टार्लटन (शाई पुसायचे विरळ, कडक कापड) मधली शाई उचलतो आणि ती फक्त कडेच्या पायरीला टिकते. बोटीच्या अंगाला हे शोभते, आकाशाला नाही.

म्हणून आता ॲक्वाटिंट, म्हणजे राळेच्या कणांमधून प्लेट खाऊ देऊन सलग छटा काढणे. चॉक आणि व्हिनेगरने तेलकटपणा काढला, पाण्याचा थर न फाटता पसरेपर्यंत. राळेची पूड साधारण निम्मा पृष्ठभाग झाकेल एवढीच (मास्क लावूनच). खालून आच द्यायची आणि पांढरे कण पारदर्शक झाले की लगेच उतरवायचे. जास्त तापले तर कण एकमेकांत मिसळतात आणि रसायन आत शिरतच नाही. डांबरी वार्निश चपट्या, जवळजवळ कोरड्या ब्रशने लावले. फराटे दिसायलाच हवेत. बाथ एकूण 1, 3 आणि 8 मिनिटांचे, दर टप्प्याला पुढचा भाग झाकत. प्लेट पालथी ठेवावी, नाहीतर गाळ चरात बसतो.

फोलिओत (छापांच्या संचात) या पानासोबत जाणारा मजकूरही बदलला. ‘नाझींनी बंदी घातलेला कलावंत’ एवढेच लिहिणे दिशाभूल करणारे आहे. त्याची हजाराहून जास्त कामे संग्रहालयांतून जप्त झाली, 1937 च्या म्युनिकच्या ‘विकृत कला’ प्रदर्शनात तो होता, 1941 मध्ये त्याच्यावर व्यावसायिक बंदी आली. पण तो 1934 पासून नाझी पक्षाचा सदस्य होता, 1933 मध्येच त्याने चित्रकार माक्स पेक्स्टाइन ज्यू असल्याची खोटी खबर सरकारी अधिकाऱ्याला दिली होती, आणि बंदीनंतरही त्याची निष्ठा ढळली नाही. बळी ठरल्याची प्रतिमा युद्धानंतर रुजली. बंदराच्या प्लेट या सगळ्याच्या वीसेक वर्षे आधीच्या आहेत, म्हणून तंत्र शिकताना अडचण नाही. मात्र दोन्ही बाजू एकाच मजकुरात हव्यात.

पुढे धुराचा वरचा काठ बर्निशरने (प्लेट घासून गुळगुळीत करायचे हत्यार) उजळायचा आहे. प्रूफ 300 ग्रॅमच्या कॉटन कागदावर, तासभर भिजवून, ब्लॉटरने (टीपकागदाने) टिपून. कागदावर पाण्याची चमक राहिली तर शाई नीट उचलली जात नाही.