आठ पीसी, एक ब्राउझर आणि कोर्बा

२००० सालच्या जुलैत, पुण्यात, आमचा एम.ई.चा प्रोजेक्ट सुरू झाला. लॅबमध्ये आठ पेंटियम थ्री पीसी होते, त्यांवर लिनक्स, आणि मध्ये १०० मेगाबिटचा एक स्विच. गणेशखिंडीला सी-डॅकमध्ये १९९८ पासून परम १०००० हा महासंगणक होता, त्याच्याबद्दल आम्ही भरभरून बोलायचो. पण आमच्या हातात होते ते हे आठ पीसी. काम असं: धातूच्या चौकोनी पत्र्याला एका कडेने उष्णता दिली तर ती पत्राभर कशी पसरते ते काढायचं. हिशेब आठ मशीनवर वाटून व्हायला हवा, आणि वापरणाऱ्याने फक्त ब्राउझर उघडून आकडे भरावेत.

सरांनी पहिल्याच आठवड्यात एक प्रिंटआउट हातात दिली. सिरॅक्युज विद्यापीठात जेफ्री फॉक्स आणि वोयटेक फुर्मान्स्की यांच्या गटाचं काम होतं ते. बँका, दुकानं, कचेऱ्या यांच्यासाठी वेब सर्व्हर, जावा, कोर्बा (एका मशीनवरच्या प्रोग्रामला दुसऱ्या मशीनवरचे प्रोग्राम वापरू देणारी पद्धत) यांवर जगभर अफाट पैसा आणि श्रम ओतले जात आहेत, तर मोठ्या वैज्ञानिक हिशेबांनी वेगळी चूल का मांडायची, हीच साधनं का वापरायची नाहीत, असा त्यांचा विचार. त्यांच्या जेवॉर्ब नावाच्या सर्व्हरचं मला फार अप्रूप वाटलं. एकच सर्व्हर ब्राउझरशी एचटीटीपी या वेबच्या भाषेत बोलायचा आणि कोर्बाच्या ऑब्जेक्टशी, म्हणजे पलीकडच्या प्रोग्रामच्या एका भागाशी, आयआयओपी या कोर्बाच्या भाषेत. कोर्बाचा प्रत्येक निरोप ‘जीआयओपी’ या चार अक्षरांनी सुरू होतो, त्यामुळे पहिले चार बाइट पाहिले की समोर कोण आहे ते कळतं. इतकी साधी युक्ती!

कोर्बाची मांडणीही मनात भरली. ऑब्जेक्टला काय काय विचारता येईल ते आयडीएल या वर्णनाच्या भाषेत लिहायचं, कंपायलर त्यातून स्टब, म्हणजे निरोप पोचवणारा मधला कोड, तयार करून देतो, आणि मग पलीकडच्या मशीनवरचा ऑब्जेक्ट आपल्याच प्रोग्राममधला असल्यासारखा वापरायचा. जावा १.२ पासून कोर्बाची सोय जेडीके या जावाच्या साधनसंचाबरोबरच मिळत होती, वेगळं काही विकत घ्यायला नको. नेमिंग सर्व्हिस, म्हणजे नावावरून ऑब्जेक्ट शोधून देणारा प्रोग्राम, आपणहून ९०० नंबरच्या पोर्टवर बसू पाहायची आणि लिनक्सवर १०२४ च्या खालचं पोर्ट रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, परवानगीशिवाय मिळत नाही. ते १०५० वर नेलं.

खरी अडचण पुढे आली. सर्व्हर आणि क्लायंट एकाच मशीनवर असले की सगळं सुरळीत. क्लायंट शेजारच्या पीसीवर नेला की कनेक्शनच मिळायचं नाही. पिंग व्हायचं, टेलनेट व्हायचं, म्हणजे नेटवर्क ठीक होतं. केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, जेडीके पुन्हा टाकला. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी ऑब्जेक्टचा आयओआर कागदावर छापून घेतला. आयओआर म्हणजे ऑब्जेक्टचा पत्ता, पण दिसतो तो षोडशमान आकड्यांचा लांबच लांब पट्टा. पार्टनर एकेक जोडी वाचत होता, मी आस्की तक्त्यावर बोट ठेवून अक्षर लिहीत होते. ३१ म्हणजे १, ३२ म्हणजे २, ३७ म्हणजे ७, २ई म्हणजे टिंब. पुढचं वाचायची गरजच उरली नाही. १२७.०.०.१! आमचा ऑब्जेक्ट साऱ्या नेटवर्कला सांगत होता की मी तुमच्याच मशीनवर आहे. होस्ट्स फाइलमध्ये लोकलहोस्टच्याच ओळीत मशीनचंही नाव होतं, त्यामुळे जावाला स्वतःचा पत्ता विचारला की तो हाच मिळायचा. ती ओळ आठही मशीनवर दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली.

त्यानंतरचा धडा मात्र महाग पडला. पत्र्याचे १००० गुणिले १००० बिंदू. प्रत्येक बिंदूचं नवं तापमान म्हणजे चार शेजाऱ्यांची सरासरी, आणि हे २००० वेळा करायचं. प्रत्येक मशीनकडे १२५ ओळींची पट्टी. पट्टीच्या कडेच्या बिंदूंचा एक शेजारी दुसऱ्या मशीनवर असतो, म्हणून प्रत्येक फेरीत वरची एक आणि खालची एक ओळ मागून घ्यावी लागते. मी आयडीएलमध्ये एक सुटसुटीत मेथड लिहिली: ओळ आणि रकाना सांगा, तापमान घ्या. वाचायला फार छान दिसत होतं. एका मशीनवर जो हिशेब दोन मिनिटांत व्हायचा, तो आठ मशीनवर तासाभरातही संपेना.

कारण फळ्यावर मांडल्यावर दिसलं. एका कॉलला जाऊन यायला सुमारे एक मिलिसेकंद. दोन ओळींचे २००० बिंदू, म्हणजे एका फेरीला दोन सेकंद नुसत्या विचारण्यात. पण एका ओळीचे १००० आकडे, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे फक्त ८००० बाइट, आणि आमच्या केबलवरून ते एका मिलिसेकंदाच्या आत जातात. वेळ आकडे वाहून नेण्यात जात नव्हता, दर आकड्यासाठी दार ठोठावण्यात जात होता. आयडीएल बदललं, एका कॉलमध्ये आख्खी ओळ मागितली. हिशेब पाऊण मिनिटावर आला. पार्टनरने आतली आकडेमोड सी भाषेत आणि एमपीआयमध्ये, म्हणजे मशीनमशीनमध्ये थेट निरोप पाठवायच्या पद्धतीने, लिहून पाहिली, ती वीस सेकंदांच्या आसपास. तेव्हा सरांनी तीच प्रिंटआउट पुन्हा वाचायला लावली. त्यात हेच होतं: आतली घट्ट आकडेमोड एमपीआयकडे ठेवा, काम देणं, कुठवर आलं ते विचारणं, निकाल आणणं हे कोर्बा आणि वेब सर्व्हरकडे. पहिल्या वाचनात मी त्या परिच्छेदाखाली रेघही मारली होती, तरी तो कळला नव्हता.

मग बांधणी बदलली. अपाचे या वेब सर्व्हरवर जेसर्व्ह, त्यात सर्व्हलेट, म्हणजे ब्राउझरची मागणी घेऊन उत्तर देणारा जावा प्रोग्राम. सर्व्हलेट कोर्बाच्या ‘जॉब’ ऑब्जेक्टशी बोलणार आणि तो ऑब्जेक्ट एमपीआयचा प्रोग्राम सोडणार. सुरुवातीला सर्व्हलेट निकाल येईपर्यंत तसंच थांबायचं आणि ब्राउझरमध्ये कोरं पान. कोणी कंटाळून रिलोड दाबलं की तोच हिशेब दुसऱ्यांदा सुरू. म्हणून काम दिल्याबरोबर एक नंबर हातात द्यायचा आणि स्थितीचं पान दर दहा सेकंदांनी आपणहून ताजं व्हायचं, असं केलं.

आणखी एक कोडं. ब्राउझरमधून सुरू केलेला हिशेब दर वेळी दोनशेव्या फेरीच्या आसपास गोठायचा. टर्मिनलवरून तोच प्रोग्राम शेवटपर्यंत जायचा. प्रत्येक फेरीला तो चूक किती उरली याची एक ओळ छापायचा, २० अक्षरांची. २० गुणिले २०० म्हणजे ४०००. एका प्रोग्रामचं छापलेलं दुसऱ्याकडे नेणाऱ्या पाइपमध्ये तेव्हाच्या लिनक्सवर मावायचे ४०९६ बाइट. जावाच्या बाजूने ते छापलेलं कोणी वाचतच नव्हतं. पाइप भरला की प्रोग्राम छापायच्या ओळीवर उभा राहायचा. फक्त वाचत राहणारा, बाकी कामाबरोबर समांतर चालणारा एक थ्रेड जोडला आणि गाडी सुटली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विभागप्रमुखांच्या केबिनमधल्या नेटस्केप ब्राउझरवरून काम दिलं. मोठा पत्रा, रंग हळूहळू पसरताना पाहून ते खूश झाले. मग म्हणाले, “आता एका मशीनची केबल काढा बघू.” लॅबच्या मामांनी तिसऱ्या पीसीची केबल काढली. एमपीआय जागच्या जागी थांबलं, पण आमच्या पानावर ‘चालू आहे’ हीच अक्षरं, दहा सेकंदांनी, वीस सेकंदांनी, दोन मिनिटांनी. “हे खोटं बोलतंय,” सर शांतपणे म्हणाले. ते बरोबरच होतं, आणि मला ते फार लागलं.

मार्क लागून गेले होते, तरी त्या संध्याकाळी आम्ही दोघं लॅबमध्ये थांबलो. ओळी वाचणारा थ्रेड होताच. शेवटची ओळ कधी आली ती वेळ त्याने लिहून ठेवायची आणि एक मिनिट काही आलं नाही तर स्थिती ‘थांबलं’ करायची. पंधरा-वीस ओळींचा बदल. मामा किल्ल्या घेऊन दाराशी उभे होते. “मामा, एकदा केबल काढता का?” मी म्हटलं. त्यांनी काढली. साठ सेकंद आम्ही तिघंही पडद्याकडे बघत उभे राहिलो आणि मग पान बदललं.